एमिसच्या वयाची साक्ष

इडोनियाने तीन नवरे केले, असं एल्डरविकची माणसं म्हणायची. लोकांचं काय जातं म्हणायला! तिने स्वतःहून केला तो एकच, तिसरा. आधीचे दोन तिच्या गळ्यात बांधले होते.

पहिला सर वॉरिन. लग्न लागलं तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि नवऱ्यापेक्षा त्याच्या कुत्र्याशी तिची गट्टी जास्त होती. लहानपणी लावून दिलेलं लग्न मुलीला बारा पूर्ण झाल्यावर नाकारता येतं, असा चर्चचा कायदा. त्याप्रमाणे बाराव्या वर्षी धर्माधिकाऱ्याने तिला विचारलंही, "हा नवरा तुला कबूल आहे का?" मागे बाप उभा होता. तो नुसता खाकरला, आणि इडोनिया हो म्हणाली.

वॉरिन माणूस वाईट नव्हता. एक मुलगी झाली, एमिस. ती सहा वर्षांची असताना वॉरिन नदीला उतार नसताना घोडा घालून बुडून मेला. आता आमच्याकडची रीत अशी, की जमीनवाला मेला आणि मागे अज्ञान वारस राहिला, तर तो वारस आईचा राहत नाही, वरच्या सरदाराचा होतो. जमीन त्याच्या ताब्यात, पोर त्याच्या घरात, पोराचं लग्नही त्याच्याच मर्जीने. ज्याच्या हाती ससा तो पारधी. सरदार द्रोगोने महिन्याभरात एमिसला स्कारबेकच्या वाड्यात नेलं आणि सात पूर्ण होताच आपल्या हॅमो नावाच्या पोराशी तिचं लग्न लावून टाकलं. आईने भेटायला यायचं नाही, अशी ताकीद दिली. पोरगी बिथरेल, म्हणे.

त्याच वर्षी राजाच्या हुकुमाने इडोनियालाही दुसरा नवरा मिळाला, तीन दिवसांच्या वाटेवरचा सर रेनॉल्ड. तिथे तिने चार वर्षं काढली. या काळात तिला एकच गोष्ट जिवंत ठेवत होती: एमिसला बारा पूर्ण होतील, कोणीतरी तिला विचारील, मागे कोणी खाकरणार नाही, आणि पोर नाही म्हणून घरी येईल. रेनॉल्ड मेल्यावर तिने हात जोडून तिसरा नवरा केला तो एवढ्याचसाठी. फुल्क गरीब सरदार, डोक्याला टक्कल, पण कोर्टकचेरीत त्याची जीभ कात्रीसारखी चाले. लग्नाआधीच तिने त्याला सांगितलं होतं, "माझी लेक मला परत मिळवून द्या. बाकी माझं काही मागणं नाही."

"बाकी माझ्यात काही आहे तरी कुठे?" असं म्हणून फुल्क हसला होता.

सेंट ल्यूसीच्या सणानंतर आठ दिवसांनी दाव्याची तारीख लागली. कडाक्याची थंडी होती. चर्चमध्ये बिशपचा धर्माधिकारी पायाशी निखाऱ्यांचं भांडं घेऊन बसला होता. द्रोगोचं म्हणणं असं, की मुलीला गेल्या ईस्टरलाच बारा पूर्ण झाली. त्यानंतर ती आठ महिने सुखाने नांदते आहे, एका शब्दाने नाही म्हणाली नाही. मग आता विचारायचं काय? फुल्कचं म्हणणं, तिला बारा पूर्ण होऊन आठवडाच झाला. तेव्हा एमिस कधी जन्मली, हे ठरल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नव्हती.

यासाठी एल्डरविकची बारा माणसं साक्षीला आणली होती. आमच्याकडे माणूस स्वतःच्या लेकराचा जन्मदिवस विसरेल, पण आपल्यावर कोसळलेलं संकट विसरणार नाही. दुसऱ्याचा जन्म आपल्या संकटाला बांधून ठेवायचा, हीच आमची पद्धत.

छपरं शाकारणारा ऑस्बर्ट लंगडत पुढे आला. "ल्यूसीच्या सणाच्या आदल्या दिवशी मी याच चर्चच्या छपरावरून पडलो, महाराज. खाली पडलो होतो, तेवढ्यात सुईण त्याच सकाळी जन्मलेल्या पोरीला बाप्तिस्म्याला घेऊन आली. मला ओलांडून आत गेली हो! पाय मोडलाय की मेलाय, विचारलं पण नाही."

"वर्ष कोणतं?" द्रोगोच्या वकिलाने टोकलं.

"पाय एकदाच मोडलाय मी. बारा हिवाळे ठणकतोय. मोजायचेत तर पायाला विचारा."

धर्माधिकारीसुद्धा हसला. दुसऱ्याची गाय त्या दिवशी विहिरीत पडली होती, तिसऱ्याची बायको त्या दिवशी पुरली होती. बाराही जणांचा दिवस एकच निघाला. इडोनियाची म्हातारी दासी गुनिल्ड तिच्या कानाशी पुटपुटली, "बाईसाहेब, जिंकलो की हो आपण!" सहा वर्षं डोळ्यांत प्राण आणून जिची वाट पाहिली, ती घटका आली होती.

धर्माधिकाऱ्याने निकाल दिला. मुलीला बारा पूर्ण होऊन आठवडाच झाला आहे, तिला विचारलं पाहिजे. मग त्याने द्रोगोला आणि हॅमोला दाराबाहेर काढलं. द्रोगोची बायको मेबिल स्वतःहून उठून बाहेर गेली.

एमिस मधे उभी राहिली. उंच झाली होती. नाक वॉरिनचं, कपाळावर देवीचे दोनचार वण. इडोनियाने ते वण पहिल्यांदाच पाहिले.

"भिऊ नकोस," धर्माधिकारी म्हणाला. "इथे तुला कोणी काही करणार नाही. हॅमो तुला नवरा म्हणून कबूल आहे का?"

पोरीने जराही वेळ लावला नाही.

"आहे."

"कोणी शिकवलं नाही ना?"

"नाही. तो रडका आहे, पण चांगला आहे. आणि मला तेच घर आहे."

फुल्क ताडकन उठला, म्हणाला, "महाराज, मुलीला तिच्या आईशी दोन शब्द बोलू द्या." धर्माधिकाऱ्याने मान हलवली.

इडोनिया पुढे गेली. वाटभर घोकलेलं सगळं डोक्यातून पार उडून गेलं होतं. एमिसने गुडघा वाकवून रीतसर नमस्कार केला.

"बाईसाहेब," ती म्हणाली.

गुनिल्ड इडोनियाला याच नावाने हाक मारायची. गोठ्यातली माणसंही याच नावाने हाक मारायची.

"एमिस, तुझ्यासाठी मी लग्न केलं गं तिसरं. तुला कोणीतरी विचारावं म्हणून."

"विचारलं ना. मी सांगितलं," पोर म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "मला देवी आल्या होत्या तेव्हा तुम्हाला निरोप पाठवला होता. मिळाला नव्हता का?"

मिळाला होता. मेबिलनेच नवऱ्याला चोरून माणूस पाठवला होता: पोरगी आईला हाका मारते आहे, ताकीद-बिकीद बाजूला ठेवा आणि या. तेव्हा इडोनिया रेनॉल्डपासून झालेल्या मुलाची बाळंतीण होती, बारावा दिवस होता. चाळीस दिवस झाल्यावर पाद्री हात धरून चर्चमध्ये नेतो, तोवर बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. ती चालेल तिथलं गवत जळतं, तान्ह्याचं बरंवाईट होतं. सासू दार अडवून बसली होती. पण ती थकलेली म्हातारी होती, तिला एका हाताने बाजूला सारता आलं असतं. इडोनियाने सारलं नाही. पाळण्यातल्याला जपायचं म्हणून ती अंथरुणावर बसून रडत राहिली. पाळण्यातला तिसऱ्या आठवड्यात गेलाच.

हे सगळं तिला सांगता आलं असतं. एमिसला कळलंही असतं. या देशात कोणत्या बाईला ते कळणार नाही? पण सांगून पोरीच्या कपाळावरचे वण थोडेच जाणार होते.

"मिळाला होता," ती म्हणाली.

एमिसने मान हलवली. तिला एवढंच जाणून घ्यायचं असावं. बाहेर मेबिल खोकत होती आणि पोरीचं लक्ष सारखं तिकडे जात होतं.

"फार हाका मारल्यास का गं मला?"

"चार दिवस."

"आणि मग?"

"मग आई येऊन शेजारी निजली," एमिस म्हणाली. "तिला तोवर देवी आल्या नव्हत्या, तरी निजली." तिने पुन्हा गुडघा वाकवला आणि दाराकडे निघाली. मग जाता जाता तिने वळून विचारलं, "बाईसाहेब, तेव्हा तुम्हाला बाळ झालं होतं म्हणे. ते कसं आहे?"