लोंबकळती रेघ

यंत्र बांधण्याआधी त्याचा आराखडा स्क्रीनवर चौकोन आणि रेघा काढून मांडतात. त्या आराखड्यातल्या चुका हुडकणारं सॉफ्टवेअर ताईच्या टीमचं. चूक असली की लाल खूण, नसली की ‘शून्य चुका’. आता एखादी रेघ दुसऱ्या टोकाला कशालाच जोडलेली नसेल, तर ती चूक आहे हे शेंबडं पोरही सांगेल. सॉफ्टवेअर सांगत नव्हतं. ती तपासणी लिहायचीच राहिली होती. यादीत नोंद होती, ताईच्याच हातची: ‘पुढच्या आवृत्तीत.’ लाल खुणा वाढल्या की गिऱ्हाइकं कुरकुरतात, म्हणून ते घोंगडं तीन वर्षं भिजत पडलं.

मंगळवारी कारखान्यात तिच्या धाकट्या भावाने नव्या यंत्राचं झाकण उघडलं आणि अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला. झाकण उघडलं की यंत्र थांबायला हवं. पण थांबवणारी रेघ आराखड्यात नुसतीच लोंबकळत होती, वर ‘शून्य चुका’ असा निर्वाळा होता, आणि यंत्र आराखड्याबरहुकूम बांधलेलं होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

बातमी कळली तेव्हा ताई रडली नाही. तिला काहीच वाटेना, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटेना.

“अपघाताच्या अहवालात एवढंच लिहा,” ताईचे साहेब म्हणाले, “की आपल्या सॉफ्टवेअरला चूक आढळली नाही. खोटं थोडंच आहे?”

खोटं नव्हतंच. ज्याने पाहिलंच नाही, त्याला आढळणार काय, कप्पाळ! ती जागेवर आली आणि राहिलेली तपासणी लिहायला बसली. बैल गेला नि झोपा केला. अकरा ओळी झाल्या. जुना आराखडा उघडला, तर नेमकी त्याच रेघेवर लाल खूण. मग अहवालात तिने लिहिलं: ही तपासणी नव्हती, ती मी पुढे ढकलली. खाली सही केली आणि साहेबांना न दाखवता पाठवून दिला.

दवाखान्यात भाऊ डाव्या हाताने चहा पीत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगावं तसं.

त्याने कप खाली ठेवला. “ती तपासणी लिहायला किती वेळ लागला गं?”

“पंधरा मिनिटं.”

“मग मला सांगायचंस ना, ताई,” तो म्हणाला. “तेवढा वेळ मी थांबलो असतो.”