खिशातून ऐकू न आलेलं वाक्य

ऐकू येतंय ना? मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या खिशातला मोबाइल बोलतोय. लोकांना वाटतं, मी खिशात निवांत पडलेला असतो. अहो, कसला निवांत! माझा एक कान सतत इमारतीच्या वाय-फायकडे, दुसरा बाहेरच्या टॉवरकडे. कोणात दम आहे, कोण धापा टाकतंय, हेच बघत बसायचं. सारखं इकडून तिकडे उड्या मारल्या तर बोलणं तुटतं, एकालाच चिकटून बसलं तरी तुटतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

मालक आणि त्यांचा मेहुणा जोडीने काम करतात. मालक खाली लिफ्टच्या खड्ड्यात, मेहुणा वर गच्चीत, लिफ्ट चालू करायच्या स्विचपाशी. त्यांची जुनी रीत अशी, की खालून बोलणं चालू आहे तोवर स्विचला हात लावायचा नाही. बोलणं थांबलं, की दाजी बाहेर आले. पूर्वी ते ओरडून बोलायचे. इमारती उंच झाल्या आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं.

काल मात्र माझं धाबं दणाणलं. मालक खड्ड्यात उतरत कुरकुरत होते, "तुझ्या ताईला म्हटलं, गुडघा दुखतोय. तर म्हणते कशी..."

नेमकं तिथेच वाय-फाय मलूल झालं. टॉवरच्या सिग्नलचीही जेमतेम एक काडी. सावरेल, सावरेल म्हणत मी थांबलो आणि शेवटी टॉवरकडे उडी घेतली. मधले काही क्षण मी मुका होतो. मालकांना पत्ताच नाही, ते बोलतच होते. मी भीतीने अर्धा झालो.

टॉवर लागला, तसा वरून रडवेला आवाज आला, "दाजी, पुढे काय म्हणाली ताई?"

"आत्ताच सांगितलं की! म्हणाली, गुडघा दुखतो, मग तोंड कसं दुखत नाही? का रे, आवाज का कापतोय तुझा?"

"तुमचं बोलणं थांबलं. माझा हात स्विचवर होता, दाजी. पण ताईबद्दलची तक्रार तुम्ही अर्धवट सोडाल, हे काही पटेना."

"थांब, आधी बाहेर येतो," म्हणत मालक खड्ड्यातून वर चढले. "हात खिशात घातलाय, दाजी," वरून मेहुणा म्हणाला.

आता "बाहेर आलो" हे ऐकल्याशिवाय स्विच लावायचा नाही, असं ठरलंय. तरी माझी धाकधूक जात नाही. आत्ताही मालक खड्ड्यात उतरतायत आणि वाय-फाय पुन्हा धापा टाकतंय. मला हात जोडता येत नाहीत, म्हणून थरथरून सांगतो: मी गप्प झालो, तर काम झालं असं समजू नका. खाली माणूस अजून बोलत असतो.