कागदावरचा हिरवा ठसा

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेच्या नळ्या धुऊन बाई निवृत्त झाल्या आणि अळंब्यांच्या मागे लागल्या. बाग, मागचं रान, कुजके ओंडके, काही म्हणून सोडलं नाही. पाच-सहा वर्षांत त्यांचा शब्द गल्लीत काळ्या दगडावरची रेघ झाला. कुणी टोपली घेऊन आलं की त्या देठ मोडून बघत, वास घेत आणि सांगत, "ही खा, ही फेक."

त्या सकाळी शेजारची सून आली. टोपलीत तळहाताएवढ्या पांढऱ्या अळंब्या. वर तपकिरी खवले, देठाला कडं.

"आमच्या हिरवळीवरच उगवल्यात, बाई. मामंजींना भारी आवडतात. चालतील ना?"

बाईंचा नळ फुटला होता. स्वयंपाकघरात घोटाभर पाणी, नळवाला पान्हा मागतोय. त्यांनी एक टोपी उलटी केली. खालच्या पापुद्र्यांवर जरा मळकट झाक होती, पण दारात उजेडही कमीच होता.

"रानात मिळते तीच ही. खुशाल खा."

एक मात्र त्यांनी नमुन्याला ठेवून घेतली आणि सवयीने टोपी कागदावर पालथी घालून वर वाटी झाकली. काही तासांत टोपीतून भुकटी झडते. रानातल्या खायच्या अळंबीची पांढरी पडते.

नळवाला गेला, फरशी पुसून झाली, तेव्हा एक वाजला होता. बाईंनी वाटी उचलली. कागदावर हिरवट ठसा होता. अनवाणीच त्या शेजारी धावल्या.

"खाऊ नका!"

सासरे एकटेच ताटावर बसले होते. निम्मी भाजी संपली होती.

"अहो, झकास झालीय की!"

"विषारी आहे. चूक माझी. मी नीट बघितलंच नाही."

बाईंनी कागद आणि उरलेली टोपी घेतली, सुनेने गाडी काढली. दवाखान्यात पोचेपर्यंत सासऱ्यांना काही नव्हतं. तीनला मात्र उलट्यांनी आतडी पिळवटली. कागद बघून डॉक्टर म्हणाले, "जिवावरची नाही ही, पण हाल फार करते." सलाइन लागलं.

बाहेरच्या बाकावर सासूबाई कडाडल्या, "मोठ्या जाणकार! तुमचा नळ महत्त्वाचा आणि आमचं माणूस स्वस्त?"

बाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सासरे घरी आले. बाई भेटायला गेल्या त्या दार तोंडावर आपटणार हे गृहीत धरूनच. दार सुनेने उघडलं.

"बाई, यापुढे तुम्हाला विचारणार नाही मी," ती म्हणाली. "मलाच ओळखायला शिकवा."

"शिकवीन. पण वर्षभर नुसतं बघायचं. तोंडात काही घालायचं नाही."

"मीही येतो," आतून सासऱ्यांचा खोल गेलेला आवाज आला. "बघायलाच हं!"

आता रविवारी तिघं रानात जातात. सून प्रत्येक अळंबीचा ठसा घेते आणि बाईंशी हुज्जत घालते. दोनदा तिचंच खरं निघालं. सासूबाई मात्र बाईंशी अजून बोलत नाहीत. बाईंना ते रास्तच वाटतं.