एक तास पुढचा लॅपटॉप

आमच्या घरात किती वाजले हा प्रश्न कुणाला विचारू नये. उत्तर मिळतं, पण ते कुठल्या घड्याळातलं हे आधी विचारावं लागतं. माझे सासरे, म्हणजे अप्पा, जन्मभर बस डेपोत गाड्यांच्या वेळा सांभाळत होते, आणि माणूस उशीर करणारच यावर त्यांचा ठाम विश्वास आहे. म्हणून ते घरातलं प्रत्येक घड्याळ पुढे करून ठेवतात. बैठकीच्या खोलीतलं पाव तास, स्वयंपाकघरातलं दहा मिनिटं, त्यांच्या उशाशी असलेलं किती ते त्यांनाच ठाऊक. या घरात आल्यावर मी आधी वजाबाकी शिकले, माणसं नंतर.

त्यात लॅपटॉपची भर पडली. तो माझ्या नणंदेचा. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. मी मुद्दाम वन्सं म्हणते, कारण तसं म्हटलं की ती चिडते आणि चिडली की थोडी हसते. हल्ली तिला हसवायला कष्ट पडतात. नवऱ्याचं घर सोडून ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्याजवळ एक बॅग आणि हा लॅपटॉप, एवढंच होतं. का सोडलं ते तिने थोडक्यात सांगितलं आणि आम्ही खोदून विचारलं नाही. तिच्या मनगटावरच्या खुणा पाहिल्यावर विचारण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. पुढे तिचा नवरा आमच्या दाराशी येऊन आरडाओरडा करू लागला, तेव्हा माझ्या नवऱ्याने बदली मागून घेतली आणि आम्ही चौघं या गावात आलो. इथला पत्ता कुणालाही द्यायचा नाही, एवढीच धाकटीची अट होती. आम्ही ती इतकी पाळली की अप्पांनी हौसेने करून घेतलेली दारावरची पाटीसुद्धा स्क्रू काढून कपाटात ठेवली.

आम्ही राहतो तो देश इतका रुंद की जुन्या गावाची वेळ इथल्यापेक्षा एक तास पुढे. इथे आल्यावर मोबाईल आपले आपण बदलले, लॅपटॉप मात्र हटून बसला. धाकटी म्हणायची, राहू दे, मी डोक्यात वजा करते, त्याला हात लावू नका. वजाबाकी करणाऱ्या घरात आणखी एक, म्हणून आम्हीही सोडून दिलं.

त्या सकाळी तिची मुलाखत होती, याच गावातल्या नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत, आणि ती लॅपटॉपवरूनच द्यायची होती. तिचे सगळे जुने नकाशे त्यात होते आणि ते पडद्यावर दाखवायचे होते. लग्नाआधी ती हेच काम करायची, गटारांचे, नळांचे, रस्त्यांचे नकाशे. ही नोकरी मिळाली तर ती स्वतःच्या पायावर उभी राहणार होती. नाहीतर काय, ते ती भांडी विसळताना कधीतरी मलाच विचारायची. ‘वहिनी, किती दिवस तुमच्यावर ओझं होऊ? जाऊ का परत?’ मला तो प्रश्न या घरातून कायमचा घालवायचा होता.

आणि नेमकी मुलाखत किती वाजता हेच कळेना. कंपनीच्या ईमेलमध्ये अकरा होते, लॅपटॉपच्या कॅलेंडरमध्ये बारा. आदल्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने बहिणीला मदत म्हणून लॅपटॉपचं घड्याळ हाताने एक तास मागे ओढलं होतं. म्हणजे घड्याळ इथलं झालं आणि कॅलेंडर तिथलंच राहिलं. हे त्याला मी समजावून सांगितलं, तर तो म्हणाला की कॅलेंडर चुकत नसतं. मग लॅपटॉप बंद करून सुरू केला आणि घड्याळ टुणकन पुन्हा तासभर पुढे गेलं. आता बाराही खरे वाटेनात आणि अकराही. तेवढ्यात अप्पा आत आले, बैठकीच्या खोलीतलं घड्याळ पाहून म्हणाले की पावणेअकरा झाले, मुलगी अजून तयार कशी नाही. मी म्हटलं, अप्पा, साडेदहा झालेत. नवरा लॅपटॉपकडे बघत म्हणाला, साडेअकरा. तिघंही आपापल्या जागी बरोबर होतो आणि माझं डोकं उठलं होतं.

खरं तर माझ्या मोबाईलवर विश्वास ठेवून अकराला लॅपटॉपसमोर बसायचं, एवढंच करायचं होतं. पण आमच्या घराला सरळ गोष्ट पचत नाही. आयत्या वेळी घोळ नको, याचा एकदाचा निकालच लावू, असं नवऱ्याने ठरवलं. धाकटी आतल्या खोलीत आरशासमोर उत्तरं पाठ करत होती, तिला कशाला त्रास द्यायचा, असंही तो म्हणाला. मीही मान डोलावली.

त्याने सेटिंग उघडलं. टाइम झोन आपोआप बदलण्याचं बटण होतं, पण फिकट पडलेलं, दाबलं तरी दबेना. त्याने लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अप्पांनी खुर्ची ओढली आणि त्यालाच घड्याळाविषयी चार गोष्टी ऐकवल्या. त्याने ऐकून घेतल्या आणि विचारलं की लोकेशन सुरू आहे का. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लोकेशन कशाला, आम्हाला वेळ पाहिजे, असं नवरा म्हणाला. तो माणूस म्हणाला की आपण कुठे आहोत हेच लॅपटॉपला कळलं नाही तर तो तिथली वेळ कशी लावणार. हे इतकं पटण्यासारखं होतं की अप्पांनीसुद्धा हो म्हटलं. लोकेशन बंदच होतं. कुणी बंद केलं असेल, असं नवरा पुटपुटला. माझ्याही डोक्यात तो प्रश्न आला, क्षणभर टिकला आणि गेला. घाई होती.

नवऱ्याने लोकेशन सुरू केलं. घड्याळ लगेच एक तास मागे आलं. कॅलेंडरमधली बाराची मुलाखत आमच्या डोळ्यांदेखत अकरावर सरकली. अप्पांनी त्याची पाठ थोपटली. मला इतकं हायसं वाटलं की मी धाकटीला हाक मारली, वन्सं, या, तुमचा लॅपटॉप शुद्धीवर आला.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडला. या लॅपटॉपचं ठिकाण आता दिसत आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली नकाशा होता. त्यात आमची गल्ली, कोपऱ्यावरचा धोबी, आमची इमारत, आणि तिच्यावर निळा ठिपका. हे ठिकाण कुणाला दिसतंय ते सांगायला बाजूला गोल चौकटीत एका माणसाचा फोटो होता. धाकटीच्या नवऱ्याचा. लॅपटॉप त्यानेच घेतलेला, त्याच्याच खात्याला जोडलेला. आम्ही दारावरची पाटी काढली होती आणि पत्ता त्याच्या हातात ठेवला होता.

नवऱ्याला अजून उमगलं नव्हतं, तो म्हणाला, भावोजींचा फोटो इथे कसा? मी फोन बंद केला. मागे वळून पाहिलं तर धाकटी दारात उभी होती, केस बांधलेले, हातात कागद. तिने पडद्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पुढे आली, तिने लोकेशन बंद केलं, आणि घड्याळ पुन्हा तासभर पुढे जाईल की काय म्हणून आम्ही तिघं वेड्यासारखे त्या घड्याळाकडेच बघत राहिलो. ते गेलं नाही.

‘मी हात लावू नका म्हटलं होतं,’ ती म्हणाली.

पासवर्ड तिच्या नवऱ्याचा होता, त्यामुळे तिला त्या खात्यातून बाहेर पडता येत नव्हतं. लोकेशन बंद ठेवणं एवढंच तिच्या हातात होतं, आणि ते तिने आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं. हे ती भिंतीकडे बघत बोलली. माझा नवरा खाली बसला. त्याने पाहिलं असेल का, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. कुणाला माहीत? पाहिलं असेल, नसेल. त्याचा फोन त्या वेळी खिशात असेल किंवा हातात. आता हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त चीड त्याचीच आली.

मुलाखत पुढे ढकलायला सांगू, असं मी म्हटलं. धाकटी नको म्हणाली. लॅपटॉप उचलून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. नवरा बाल्कनीत जाऊन पोलीस चौकीला फोन लावू लागला. मी आणि अप्पा दाराबाहेर उभे राहिलो. आमच्यासारखी मोठी माणसं दाराला कान लावून उभी आहेत याची लाज वाटावी इतकं भान आम्हाला नव्हतं.

आतून एका बाईचा आवाज आला, शांत, जरा नाकात बोलणारा. तिने नाव वगैरे विचारलं आणि मग म्हणाली की काम फिरतीचं आहे, ऑफिसलाही रोज यावं लागेल. ‘तुम्ही राहता कुठे?’

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता लॅपटॉप मिटणार. मग धाकटीने पत्ता सांगितला. गल्ली, इमारत, मजला, सगळं. कोपऱ्यावर धोबी आहे हेसुद्धा सांगितलं. नव्या घराचा पत्ता तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, आणि तिचा आवाज कापत नव्हता. माझे डोळे भरून आले. तिला मिठी मारावी असं वाटलं, पण मध्ये दार होतं आणि मुलाखत चालू होती.

अप्पांनी माझा हात धरून मला बैठकीच्या खोलीत आणलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

‘सूनबाई, खरे किती वाजले?’ त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी मोबाईल पाहून सांगितलं. ते ओठ हलवत हिशेब करू लागले. त्याने ठिपका पाहून गाडी पकडली तर ती कुठून निघते, मध्ये कुठे थांबते, तिथले आणि इथले, एक तास कुठे धरायचा. डेपोतल्या खिडकीमागे बसल्यावर त्यांचा चेहरा असाच होत असावा. मग त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली आणि घराच्या दारापाशी नेऊन ठेवली. बसले. हातात काठी नव्हती, काही नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून जे मोजे घालतात ते मात्र होते.

मुलाखत संपल्यावर धाकटी बाहेर आली. उद्या कळवतो म्हणाले, असं मला सांगितलं. नकाशे त्यांना आवडले, असं तिला वाटलं, पण नक्की कळलं नाही. मग तिला दारापाशी बसलेले अप्पा दिसले. सगळं तिला समजलं.

‘अप्पा, तिकडची गाडी इथे किती वाजता येते?’

‘पाच,’ अप्पा म्हणाले.

‘अलीकडे ओढून नको. खरी वेळ सांगा.’

अप्पांनी जरा खाली पाहिलं. ‘सहा,’ ते म्हणाले.

धाकटीने टेबलाची दुसरी खुर्ची उचलली आणि त्यांच्या शेजारी आणून ठेवली. मी स्वयंपाकघरात गेले, चौघांसाठी चहा टाकला आणि कपाटातून पाटी आणि स्क्रूचा डबा काढून आणला.