माझ्याच नावाने कोणीतरी

लिओनचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. मी त्याला उत्तर दिलं नाही.

लिओन पणजीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. माझे गुडघे गेले तेव्हा मालवणच्या आमच्या ग्रंथालयातल्या लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला त्यानेच व्हीपीएन जोडून दिलं. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून फक्त आपल्यासाठी काढलेली बंद वाट, असं मी समजतो, चुकतही असेन. त्या वाटेने मशीनचा पडदा धामापूरच्या घरी दिसतो आणि माझ्या शब्दसंग्रहाचं काम चालतं. किनाऱ्यावरच्या बोलीतले चार हजारांवर शब्द. मूळ वह्या वाळवीने खाल्ल्या. आता जे आहे ते त्या मशीनमध्येच.

पत्रात त्याने लिहिलं होतं, 'सर, तुमच्या संग्रहात माझ्या आजीचे शब्द आहेत. घरच्यांसाठी त्यांची एक प्रत हवी आहे. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन.' इथेच मनात पाल चुकचुकली. संग्रह उघडल्याशिवाय याला आजीचे शब्द कसे कळले? पुढे न वाचता मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

परवा बुधवारी व्हीपीएन जोडलं गेलं, पासवर्ड चालला, आणि पडदा काळा. पुन्हा केलं, पुन्हा काळा. माझा पासवर्ड लिओननेच ठरवलेला. नेलं याने सगळं, असं वाटलं. दुपारचं जेवण गेलं नाही.

पुरावा म्हणून पत्र काढलं तेव्हा मागच्या बाजूलाही मजकूर दिसला. नुसत्या अक्षरांच्या खिडकीतून मशीनला जोडायचं कसं, ते त्याने लिहिलं होतं. तिथे 'who' टाइप केलं की आत कोण बसलंय ते कळेल. मी केलं. दोन ओळी आल्या, दोन्हींत एकच नाव. माझं. एक ओळ आत्ताची, दुसरी सोमवार सकाळपासूनची.

माझ्या नावाने कोणीतरी तीन दिवस आत बसलं होतं. ग्रंथपाल सारिकाला फोन करून मशीनवर कोण आहे ते बघायला सांगितलं. जरा वेळाने ती म्हणाली, "सर, हय कोणच नाय. तुमचाच पान उघडा आसा."

सोमवारी वर्गणीदारांच्या सभेसाठी मी ग्रंथालयात गेलो होतो. थोडं काम करून स्क्रीनचं बटण बंद केलं आणि खाऱ्या हवेपासून जपायला आम्ही सगळ्यावरच घालतो तसं मशीनवर फडकं घातलं. माझ्या मते ते बंद झालं होतं.

"चोर गावलो म्हणायचो, सर," सारिका म्हणाली. तिने लॉगआउट केलं आणि घरी माझ्या पडद्यावर चित्र आलं. चार हजारांवर शब्द, जागच्या जागी.

मग पत्राची शेवटची ओळ वाचली. 'तिथून उठताना लॉगआउट करा, नाहीतर घरी काळा पडदा दिसेल. आजी अजून सांगते, सर पडवीत वही घेऊन बसायचे आणि एकेक शब्द तीनदा विचारायचे.'

त्याला कळलं होतं ते असं.

उत्तर लिहायला दोन दिवस लागले. प्रत घे, एवढं पहिल्याच ओळीत लिहून झालं. तुझ्यावर संशय घेतला, हे लिहावं की नाही यावर चार कागद फाडले. पाचव्यावर ते राहू दिलं. आज सकाळी काठी टेकत नाक्यावर गेलो आणि पाकीट पेटीत टाकलं.