पंपाचं बुजवलेलं तोंड

काकूंनी इंजिनातली तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली. पट्टीवरचं तेल दुधाळ चहासारखं दिसत होतं. इंजिनाच्या तेलात पाणी शिरलं होतं.

"तुला कोणी सांगितलं होतं नको तिथे डोकवायला?" वस्ताद बोटीच्या फळीवरून म्हणाले. सारा धक्का त्यांना वस्तादच म्हणे. काकूही नवऱ्याला तशीच हाक मारत, आधी चेष्टेने, मग सवयीने.

पाण्याच्या पंपाच्या पोटाशी एक बारीक छिद्र असतं. आतलं सील झिजलं की तिथून पाणी ठिबकतं, म्हणजे माणूस सावध होतो. हाताखालच्या माणसांना वस्तादांनी जन्मभर दटावलं होतं, "ते पंपाचं तोंड आहे. रडतोय तर रडू द्या, तोंड दाबू नका." तोंड दाबलं की पाणी मागे वळतं, थेट तेलात.

काकूंनी बॅटरीचा उजेड तिथे धरला. छिद्रात काडेपेटीची काडी ठोकलेली होती आणि वरून साबण चोपडलेला.

"अहो, हे तुम्ही केलंत?"

"थोरल्याला थेंब दिसला असता तर बोट गेली असती."

थोरल्या मुलाने बजावलंच होतं, इंजिनाने पुन्हा कुरकुर केली की बोट विकायची. रविवारी तो बघायला येणार होता.

"मग सील नाही का बदलायचं?"

वस्तादांनी दोन्ही हात पुढे केले. वाऱ्यावरच्या पानासारखे ते थरथरत होते. पोळीचा घास तोंडापर्यंत नेताना निम्मा सांडायचा, तिथे पान्ह्याची काय कथा!

काकूंनी पदर खोचला. "डोकं तुमचं, हात माझे. सांगा."

"आधी बाहेरच्या पाण्याचा कॉक बंद कर. नाहीतर बोट बुडवशील."

"ते काम तुम्ही केलंय की अर्धंअधिक."

बोल्ट गंजलेले होते. काकूंची बोटं सोलवटली. जुनं सील निघालं ते वाळल्या सालीसारखं कडक. पेटीतलं नवं बसवताना त्यांनी हातोडीला हात घातला, तसे वस्ताद खेकसले, "अगं, ठोकतेस काय! अंगठ्याने दाब. बाळाला टोपी घालतात तशी, सगळीकडून सारखी."

पंप जागेवर बसला. छिद्र मोकळं झालं. दुधाळ तेल काढून नवं भरलं. इंजिन जरा फिरवून तेही काढलं, पुन्हा भरलं. मग काकूंनी कॉक उघडून किल्ली फिरवली. बाहेर पाण्याची धार पडू लागली. छिद्राखाली धरलेला कागद कोरडाच राहिला.

"बघ!" वस्तादांचा चेहरा उजळला. त्यांनी जुन्या सवयीने स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. "लोण्यासारखं चालतंय. उद्या खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन येतो."

काकूंनी कान दिला. इंजिनाच्या पोटातून टक टक येत होती, बंद दारावर कोणी बोटाने वाजवावं तशी. पाण्याने आतली बेअरिंगं खाल्ली होती. असला आवाज पूर्वी वस्तादांना धक्क्यावर उभं राहून ऐकू यायचा, दुसऱ्याच्या बोटीतलासुद्धा.

भर पाण्यात हे इंजिन जाम झालं तर या हातांनी ते काय करणार होते?

काकूंनी इंजिन बंद केलं आणि किल्ली कनवटीला लावली. "थोरल्याला सांगते, बोटीला गिऱ्हाईक बघ म्हणून."

वस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर कानापासून खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "काही वाजतंय का गं?"

"हो."

वस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर पुसायला घेतला. दोनदा हातातून पडला. काकूंनी उचलून दिला नाही. त्यांचा त्यांना उचलू दिला.