तांबडी खाईना

दिवाळी झाली तशी वैजनाथ आणि त्याची बायको रोहिणी श्रीगोंद्याकडं ऊसतोडीला गेली. तिसगावजवळच्या वस्तीवर वैजनाथची आई रंगुबाई आणि तांबडी गाय, दोघीच राहिल्या. रंगुबाईचा नवरा सहादेव श्रावणात वारला होता. तांबडीचं सगळं तोच बघायचा. आता ती गाभण होती, आणि रंगुबाईला गुडघे धड बसू देत नव्हते की उठू देत नव्हते.

एका सकाळी गाय विताना अडली. जनावरांच्या डॉक्टरांचा फोन लागेना. शेजारची जया धावत आली, पण गोठ्याच्या दारातच थबकली.

"तू नुसती तिची मान धर," रंगुबाई म्हणाली. तिनं पदर खोचला, कोपरापर्यंत साबण लावला आणि तिथंच शेणात बसली. वासराचे पाय हाताला लागले. गाय कळ देईल तशी ती ओढत गेली. अंगणात ऊन आलं तेव्हा वासरू बाहेर पडलं. पण त्यात जीव नव्हता.

गाय वाचली. वासरू बांधाकडेला पुरलं, तिकडं तोंड करून ती हंबरत राहिली. कडब्याला तोंड लावीना. धार काढायला बसलं की पान्हा चोरायची.

वैजनाथ फोनवर म्हणाला, "आये, म्हातारी झाली ती. बाजारात दे. तुझ्यानं तरी कुठं हुतंय आता?"

"माझ्यानं काय हुतंय ते मी बघते. तू कोयता जपून चालव."

जया ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, गायीचं सोडा. काका गेल्यापासनं तुमी तरी कुठं धड जेवताय?"

संध्याकाळी रंगुबाईनं चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या, ठेचा वाटला आणि ताट घेऊन गोठ्यात गव्हाणीपाशी बसली. पहिला घास तोंडातच घोळत राहिला. डोळे भरून आले. पाण्याच्या घोटानं तिनं तो खाली ढकलला आणि दुसरा मोडला.

"ग्वाड लागत न्हाई, मला ठावं हाय," ती गायीला म्हणाली. "तरी खायचं."

दुसरी भाकरी तिनं तांबडीपुढं धरली. गायीनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. पण रंगुबाई रोज तिथंच जेवायला बसायची, रोज हात पुढं करायची. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यानं कास शेकायची. शेवटी एका दुपारी खरखरीत जीभ तळहातावरून फिरली. भाकरी गेली, मग मूठभर कडबाही गेला. दोन दिवसांनी तांब्यात दुधाची धार वाजली.

त्या दुधाचा चहा करून तिनं जयाला पाजला. मग कडबेवाल्याला फोन लावला.

"टेम्पो भरून पाठव. उन्हाळा निघंल इतका."

"एवढा? गाय इकायची हाय म्हनं ना?"

"कुनी सांगितलं?" म्हणत रंगुबाईनं फोन ठेवला आणि कडब्याची गंज रचायला जागा झाडू लागली.